‘शून्य येत नाही’ असं लिहून गेलेल्या भाऊंना खुलं पत्र

प्रिय भाऊ,



तुमचं नाव मला माहीत आहे, पण या पत्रात ते घालणार नाही. नाव घातलं की वाचणारा म्हणेल, एक माणूस चुकला, संपलं. तुमच्या हातून झालेली चूक जळगावात होते, धुळ्यात होते, पुण्याच्या मोठ्या कंपन्यांत होते आणि सातासमुद्रापारही होते. म्हणून पत्र खुलं ठेवलं आहे. ज्याला लागू पडेल त्याने ते आपल्याच नावाचं समजावं. सुरुवात मात्र तुमच्यापासून करते, कारण तुमच्या हातची ओळ माझ्या वाट्याला आली.

तुम्ही जिथे बसत होतात त्याच टेबलावर आज मी बसते. शेतकरी सभासदांच्या नोंदी ठेवणारी आपली संस्था तीच आहे आणि खरिपाच्या तोंडावरची धावपळही तशीच आहे. पीककर्जाला कोण पात्र, याची यादी काढणारी क्वेरी तुम्ही लिहिलीत आणि नोकरी बदलून निघून गेलात. त्या फाइलच्या 214 व्या ओळीवर तुमची एक टीप होती : ‘चालू सभासदाचं क्षेत्र शून्य येत नाही.’ टिपेच्या खाली भागाकार होता. मागितलेली रक्कम भागिले पेऱ्याचं क्षेत्र, म्हणजे हेक्टरी किती पडतं ते, आणि ते ठरलेल्या हेक्टरी दराच्या आत बसतं का, एवढंच तपासायचं. पाच हंगाम ती ओळ बिनबोभाट चालली. चालते आहे म्हणून तिला कोणी हात लावला नाही. मीसुद्धा लावला नाही.

या एप्रिलमध्ये धुळे, साक्री, शिरपूर आणि शिंदखेडा या चार तालुक्यांच्या नोंदी जळगावच्या टेबलात मिळवल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, चार दिवस होते. खानदेशात आखाजी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि शेतात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या गड्याचं, नवं साल ठरतं. जुन्याचा हिशेब चुकवायचा आणि नव्याला उचल द्यायची, तर घरात पैसा लागतो. तो पैसा त्या यादीवर अडलेला असतो. त्या रात्री दोन वाजता क्वेरी पडली. लॉगमध्ये एकच ओळ होती : डिव्हिजन बाय झिरो.

क्वेरी पडली तिथेच काम थांबलं असतं तर नुकसान थोडक्यात आटोपलं असतं. पण तुमच्या फाइलीत पुढची पायरी मागची पायरी नीट पार पडली का, हे विचारत नाही. ठरलेल्या जागी जी फाइल असेल ती उचलते आणि शाखांना पाठवते. तिथे मागच्या हंगामाची यादी पडून होती. सकाळी तीच सगळ्या शाखांत गेली. वर तारीख नवी, आत नावं जुनी.

मी त्या दिवशी अमळनेरकडच्या एका शाखेत होते. दहाच्या सुमारास एक मावशी आल्या. आठ-अचा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून आणलेला. खिडकीशी उभ्या राहून त्यांनी विचारलं, “मन्हं नाव शे का व माय?” कारकुनाने यादी वरून खाली पाहिली, पुन्हा खालून वर पाहिली. त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्या मालकांचं होतं. मालकांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. वारसनोंद झाली, मागच्या पावसाळ्यात फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर मावशींचं नाव लागलं, सभासदत्वही त्यांच्याकडे आलं. आणि आपली यादी सांगत होती की गेलेला माणूस कर्जाला पात्र आहे आणि समोर उभी असलेली बाई नाही. त्या काही बोलल्या नाहीत. उतारा परत घडी घालून पिशवीत ठेवला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही काय धरून चाललात, ते आधी सांगते, कारण तुमच्या डोक्यात काय होतं ते ओळीत स्पष्ट दिसतं. तुम्ही लिहिलं होतं :

व्हेअर स.स्थिती = 'चालू' अँड प.रक्कम / प.क्षेत्र <= दर

‘स’ म्हणजे सभासदांचं टेबल, ‘प’ म्हणजे पेऱ्याचं. तुम्हाला वाटलं, डेटाबेस हे वाक्य आपल्यासारखं वाचतो. आधी डावीकडची अट बघेल, सभासद चालू नसेल तर तिथेच सोडून देईल, आणि चालू असेल तरच उजवीकडे जाऊन भागाकार करेल. चालू सभासदाचं क्षेत्र शून्य नसतं, म्हणून भागाकार कधी अडणार नाही. ही सवय तुम्हाला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात लागली. सी भाषेत, जावात ‘आणि’ची डावी बाजू खोटी निघाली की उजवीकडे पाहिलंच जात नाही. तसं त्या भाषांच्या नियमातच लिहिलेलं आहे, त्यामुळे तिथे त्यावर विसंबणं योग्यच आहे. क्वेरी ज्या भाषेत लिहितात त्या एसक्यूएलमध्ये तसा नियम नाही. तुम्ही एका गावचा कायदा दुसऱ्या गावात लावलात आणि तिथला कायदा काय आहे ते कोणाला विचारलं नाहीत.

तो कायदा लपवलेला नव्हता. पोस्टग्रेस या आपल्या डेटाबेसच्या कागदपत्रांत, राशी (एक्स्प्रेशन) सोडवण्याच्या नियमांच्या प्रकरणात, स्वच्छ लिहिलं आहे की उपराशी कोणत्या क्रमाने सोडवल्या जातील हे ठरलेलं नाही, डावीकडून उजवीकडे जातील असं तर मुळीच धरू नका. त्याच पानावर शून्याच्या भागाकाराचंच उदाहरण दिलं आहे. तुमच्या 214 व्या ओळीची चूक तिथे जवळजवळ जशीच्या तशी छापलेली आहे आणि तिच्याखाली उपायही आहे. पाच मिनिटांचं वाचन होतं. ते तुम्ही केलं नाहीत, याचा मला राग आहे.

हा नियम असा का, हे समजून घेतलं तर तो पटतो. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल पद्धत मांडली. आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत चेंबरलिन आणि बॉइस यांनी 1974 मध्ये त्यावर ही भाषा बांधली. तिचं मूळ सूत्र असं की माणसाने काय हवं ते सांगावं, कसं शोधायचं ते यंत्राने ठरवावं. 1979 मध्ये त्याच संस्थेतल्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कसं’ ठरवायची रीत दाखवली. प्रत्येक वाटेचा खर्च मोजायचा आणि स्वस्त वाट धरायची. आजचे मोठे डेटाबेस अजून त्याच रीतीवर चालतात. क्रम ठरवायची मोकळीक यंत्राला दिली म्हणून तर लाखो ओळींतून उत्तर क्षणात मिळतं. क्रम आपल्याकडे ठेवला असता तर तो वेग गेला असता.

जळगावातल्या एखाद्या डाळ मिलमध्ये उभं राहून पाहिलं की हे लगेच कळतं. तूर आली की ती चाळण्यांतून जाते. एक चाळणी काडीकचरा काढते, एक बारीक दाणा खाली पाडते, एक फुटका दाणा बाजूला करते. या चाळण्यांचा क्रम बदलला तरी शेवटी चांगल्या दाण्याचा ढीग तोच राहतो. जी चाळणी सगळ्यांत जास्त माल लवकर कमी करते ती आधी लावली तर वेळ वाचतो, एवढंच. पण खड्याची गोष्ट वेगळी. दाणा सोलणाऱ्या रोलरवर खडा गेला तर रोलर बिघडतो. म्हणून खडे आधी काढायचे आणि मगच माल रोलरवर सोडायचा, हे मिलमध्ये कोणाच्या मर्जीवर सोडत नाहीत. यंत्राची मांडणीच तशी करतात, की खडा काढल्याशिवाय माल पुढे जाऊच शकत नाही.

भाऊ, तुमची ‘चालू’ची अट ही साधी चाळणी होती आणि तुमचा भागाकार हा रोलर होता. तुम्ही दोन्ही एका ‘अँड’ने जोडून ठेवलेत. दोन्ही चाळण्याच आहेत, असं तुम्ही स्वतःच डेटाबेसला सांगितलंत. मग त्याने क्रम बदलला तर दोष त्याचा नाही.

पाच हंगाम चाललं आणि सहाव्यात का पडलं, हे मी एक्सप्लेन, म्हणजे डेटाबेसने धरलेली वाट दाखवणारी आज्ञा, लावून पाहिलं. पूर्वी चालू सभासदांची यादी लहान होती. डेटाबेस एकेक चालू सभासद घ्यायचा, इंडेक्सवरून त्याचा पेरा काढायचा आणि त्यावर भागाकार करायचा. बंद सभासदांच्या ओळी टेबलात होत्या, पण त्यांच्यापर्यंत कोणी जातच नव्हतं. याला नेस्टेड लूप म्हणतात. धुळ्याच्या नोंदी आल्या, टेबलाची आकडेवारी ताजी झाली आणि प्लॅनरने, म्हणजे डेटाबेसच्या वाट निवडणाऱ्या भागाने, नवा हिशेब मांडला. इतक्या सभासदांसाठी इतक्या वेळा इंडेक्स चाळण्यापेक्षा पेऱ्याचं अख्खं टेबल एकदाच वाचून घ्यावं आणि मग जोडणी करावी, हे त्याला स्वस्त पडलं. याला हॅश जॉइन म्हणतात. तुमच्या भागाकारात फक्त पेऱ्याच्या टेबलाचे रकाने होते, म्हणून तो वाचतानाच उरकला गेला. सभासद चालू की बंद, हे जोडणीच्या वेळी कळणार होतं. तोवर शून्याने भागून झालं होतं.

म्हणजे शून्यं धुळ्याहून आली नव्हती. ती आधीपासून आपल्याच टेबलात होती. कचेरीत त्या सकाळी पहिला शब्द निघाला तो असा, की “धुळ्याच्या नोंदीच घाण असतील.” साक्री-शिरपूरच्या ज्या पोरींनी डोळे फोडून एकेक गट क्रमांक तपासून पाठवला, त्यांना अर्धा दिवस फोनवर जाब द्यावा लागला. त्यांच्या नोंदींत एकही शून्य नव्हतं. तुमच्या एका टिपेने दोन जिल्ह्यांच्या माणसांत नसता संशय घातला, हेही तुमच्या खात्यावर लिहा.

शून्य येत नाही, असं तुम्ही कुठल्या भरवशावर लिहिलंत? खानदेशात राहून तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं. जळगाव-धुळे महामार्गाच्या चौपदरीकरणात ज्याची पट्टी गेली, त्याच्या त्या गटाचं क्षेत्र शून्य होतं. धरणाच्या बुडीतात जमीन गेली की शून्य होतं. पूर्ण गट पोटखराबा निघाला की लागवडीचं क्षेत्र शून्य. भावाभावांत वाटणी झाली, जुनं खातं फोडून नवी खाती पडली, जुन्यावर शून्य उरलं. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या मोबाइलवरून पेरा नोंदवतो, तिथे अर्धवट राहिलेली नोंद आहे. शेतीच्या नोंदींत शून्याला शंभर दारं आहेत. तुम्ही एका वाक्याने ती सगळी बंद झाली असं धरलंत.

उपाय सोपे होते, ते इथे लिहिते, म्हणजे पुढच्याला शोधावे लागणार नाहीत. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे भागाकारच काढून टाकणं. रक्कम भागिले क्षेत्र हे दराच्या आत आहे का, हे विचारण्याऐवजी रक्कम ही दर गुणिले क्षेत्राच्या आत आहे का, असं विचारायचं :

प.रक्कम <= दर * प.क्षेत्र

क्षेत्र शून्य असेल तर उजवी बाजू शून्य होते, शून्याहून मोठी कोणतीही रक्कम तिच्या आत बसत नाही, ओळ आपोआप गळते. आता डेटाबेसने हवा तो क्रम लावावा, काही बिघडत नाही. खडा गेला तरी न बिघडणारा रोलर बसवल्यासारखं आहे हे. हेक्टरी आकडा कागदावर दाखवायचाच असेल तर रक्कम / नलइफ(क्षेत्र, 0) लिहावं. शून्याच्या जागी नल येतो, उत्तर रिकामं राहतं, क्वेरी पडत नाही. आणि क्रम खरोखरच हवा असेल तर तो केसमध्ये लिहावा :

केस व्हेन प.क्षेत्र > 0 देन प.रक्कम / प.क्षेत्र <= दर एल्स फॉल्स एंड

केस ही राशी 1992 च्या एसक्यूएल मानकात आली. तिच्यात अटी वरून खाली तपासल्या जातात, पहिली खरी ठरलेली अट लागू होते आणि पुढच्या पाहिल्या जात नाहीत. क्रम मागायची ही अधिकृत जागा आहे. तुम्ही तो ‘अँड’कडून मागितलात, ज्याच्याकडे तो कधी नव्हता.

तुम्ही म्हणाल, आधीची चाळणी ‘विथ’मध्ये वेगळी लिहिली असती तर झालं असतं. पोस्टग्रेसमध्ये बरीच वर्षं तसं चालायचं, कारण ‘विथ’मधला भाग आधी स्वतंत्र सोडवला जायचा. 2019 मध्ये 12 वी आवृत्ती आली आणि एकदाच वापरलेला साधा ‘विथ’ मुख्य क्वेरीत विरघळवला जाऊ लागला. जुनी वागणूक हवी तर ‘मटेरिअलाइझ्ड’ असं स्पष्ट लिहावं लागतं. ज्यांनी लिहिलं नव्हतं त्यांच्या क्वेरी नुसत्या आवृत्तीबदलाने पडू शकतात. वागणूक आणि वचन यांत फरक असतो. आजवर असं वागला म्हणून उद्या तसाच वागेल, असं तुम्ही माणसाबद्दलही म्हणणार नाही. मग यंत्राच्या न दिलेल्या वचनावर शेतकऱ्याचं कर्ज कसं ठेवलंत?

आणि क्रमाचा हा प्रश्न फक्त शून्यापुरता नाही. दृश्य, म्हणजे व्ह्यू, दाखवून एखाद्याला फक्त त्याच्या शाखेच्या ओळी द्याव्यात, अशी सोय आपण करतो. पण त्याने आपल्या प्रश्नात एखादं फंक्शन घातलं आणि डेटाबेसला ते स्वस्त वाटलं, तर शाखेची अट लागण्याआधी ते सगळ्यांच्या ओळींवर चालू शकतं आणि वाटेत दिसलेलं बाहेर सांगू शकतं. ही फट बुजवायला पोस्टग्रेसने 2012 मध्ये 9.2 आवृत्तीत ‘सिक्युरिटी बॅरिअर’ व्ह्यू आणले. अटींचा क्रम सभासदाच्या गुपितापर्यंत पोहोचतो, तो असा.

आता केस लिहिली म्हणजे सुटलो, असंही समजू नका. माझ्यासमोर तुमच्या दुसऱ्या फाइली उघड्या आहेत. त्यांत केस आहे, पण पायऱ्यांचा विचार नाही. सगळ्यांना माहीत असलेल्या अटी घेऊन दाखवते. 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत तीन मुख्य वाटा होत्या. दीड लाखापर्यंत थकबाकी असेल तर माफी. त्याहून जास्त असेल तर वरची रक्कम भरल्यावर दीड लाखाचा लाभ. आणि नियमित फेड करणाऱ्याला 25 टक्के, पण 25,000 रुपयांच्या आत, असं प्रोत्साहन. सरकारी यादी कशी निघाली यावर मी बोलत नाही, मी अटींची वही म्हणून त्या घेते आहे. तुमच्या पद्धतीने लिहिलं तर असं होईल :

केस व्हेन थकबाकी <= 150000 देन 'माफी' व्हेन थकबाकी > 150000 देन 'तडजोड' व्हेन नियमित देन 'प्रोत्साहन' एल्स 'अपात्र' एंड

वाचायला सरळ आहे. पण नियमित फेडणाऱ्याची थकबाकी किती? शून्य. शून्य दीड लाखाच्या आत आहे. तो पहिल्याच पायरीवर अडकला, त्याला शून्य रुपयांची माफी मिळाली आणि प्रोत्साहनाची पायरी त्याच्यापर्यंत आलीच नाही. ज्याने पोटाला चिमटा घेऊन हप्ता भरला तोच रिकाम्या हाताने गेला. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, यादी वेळेवर निघाली. क्वेरी पडते तेव्हा निदान कळतं. अशी चूक कळत नाही, म्हणून ती मला जास्त भयंकर वाटते. ‘नियमित’ची पायरी सगळ्यांत वर हवी, एवढा एक बदल आहे.

रिकाम्या रकान्याचंही असंच. फळपीक विम्यात केळीची भरपाई हवामानावर ठरते. थंडी किंवा ऊन ठरलेल्या मर्यादेबाहेर ठरलेले दिवस सलग राहिलं की भरपाई. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद हा आधार. रावेर-यावलच्या बागेत मे महिन्याच्या उन्हाने केळीची पानं करपलेली शेतकरी डोळ्यांनी बघतो. आता समजा सलग दिवस मोजताना कोणी लिहिलं, की तापमान मर्यादेवर गेलं तर ‘हो’, एल्स ‘नाही’. आणि एक दिवस केंद्राचं यंत्र बंद होतं, रकान्यात नल आहे. नलची तुलना कशाशीही केली तर उत्तर खरं येत नाही आणि खोटंही येत नाही, ते अज्ञात येतं. केसमध्ये अज्ञात म्हणजे ‘व्हेन’ लागलं नाही. तो दिवस एल्समध्ये पडला आणि ‘नाही’ झाला. बंद यंत्राचा दिवस थंड दिवस ठरला, सलगपणा तुटला, भरपाई बुडाली. ‘इज नल’ची पायरी सगळ्यांत आधी लिहिली असती तर तो दिवस वेगळा निघाला असता आणि माणसाने त्याचा निर्णय केला असता.

आणखी दोन गोष्टी पटकन सांगते. बेरीज-सरासरीसारखी समूहाची गणितं केसच्या आधी होतात. सोसायटीनिहाय ‘किमान क्षेत्र शून्याहून मोठं असेल तरच हेक्टरी सरासरी काढ’ असं केसमध्ये लिहिलंत तरी सरासरी आधीच काढली जाते आणि भागाकार तिथेच अडतो. तिथे ओळी आधी व्हेअरने गाळाव्या लागतात किंवा सरासरीच्या आत नलइफ घालावा लागतो. दुसरी गोष्ट कंसाची. ‘तालुका रावेर किंवा तालुका यावल आणि पीक केळी’ असं बिनकंसाचं लिहिलं की ‘आणि’ आधी बांधला जातो. यावलची फक्त केळी येते आणि रावेरचं मात्र कापसासकट सगळं येतं. ही गोष्ट क्रमाची नव्हे, बांधणीची आहे, आणि तिचा नियम पक्का ठरलेला आहे. ठरलेलं काय आणि न ठरलेलं काय, हे वेगळं ओळखणं हाच आपल्या धंद्याचा कस आहे.

भाऊ, तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. तुम्ही आज जिथे असाल तिथल्या तुमच्या फाइली उघडा आणि ‘येत नाही’, ‘होत नाही’, ‘असणारच’ अशा टिपा शोधा. तशी प्रत्येक टीप म्हणजे न लिहिलेली अट आहे. ती टिपेतून काढून क्वेरीत घाला. दुसरं, नव्या मुलांना शिकवाल तेव्हा कोऱ्या टेबलावर शिकवू नका. त्यात एक शून्य, एक नल आणि एक वारलेला सभासद मुद्दाम घाला आणि मग त्यांची क्वेरी चालवून बघा. तिसरं, काम पडलं तर पुढचं काम थांबलंच पाहिजे, अशी मांडणी करा. जुनी यादी नव्या तारखेने बाहेर जाण्यापेक्षा यादी न गेलेली बरी.

आखाजीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दुरुस्त यादी पाठवली. अमळनेरच्या त्या मावशींचं नाव तीत होतं. पैसे मात्र सण उलटल्यावर खात्यात पडले. तोवर त्यांचा सालदार दुसऱ्याच्या शेतावर लागला होता.

मग मी शून्य क्षेत्राच्या ओळी काढून बसले. जेमतेम दोन पानं भरली. वाचत गेले तशी गावं ओळखीची येत गेली आणि बहुतेक नावांपुढे एकच शेरा होता : मयत, वारसनोंद मंजूर. त्यांत मावशींच्या मालकांचंही नाव होतं. त्यांची दोन हेक्टर जमीन बायकोच्या नावे गेली, म्हणून त्यांच्या ओळीत शून्य उरलं होतं. तुमची क्वेरी ज्या शून्यांवर पडली त्यांतलं एक ते होतं. त्यांच्या जाण्याची नोंद आपल्याकडे नीट झालेली होती. ती नोंद कधी कोणी वाचेल, हे फक्त तुम्ही धरलं नव्हतं.

214 व्या ओळीवरची तुमची टीप मी काढली आहे. तिथे आता असं लिहिलं आहे : ‘क्षेत्र शून्य असू शकतं. माणूस गेला की जमीन वारसाकडे जाते आणि इथे शून्य राहतं. म्हणून भागू नये, गुणावं.’

कळावे,

तुमच्या जागेवर बसलेली
जळगाव